भरती बंद आहे

गडचिरोली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी सरकारी दवाखाना होता आणि त्याच्या फाटकावर लटारू चौकीदार होता. लटारू माणूस वाईट नव्हता. पण खाकी सदरा अंगात गेला की त्याचा आवाज चढायचा, आणि समोर उघड्या अंगाचा खेडूत असला तर जास्तच चढायचा. असे लटारू तुम्ही-आम्ही रोज पाहतो. तहसिलीत पाहतो, बँकेत पाहतो, आणि आता त्याचं आपल्याला काही वाटेनासंही झालं आहे.

चौऱ्याऐंशी सालचा पावसाळा सरत आला होता. जंगल खात्यात वनरक्षकांची भरती निघाली होती आणि पोरांची शारीरिक तपासणी दवाखान्यातच ठेवली होती. सकाळपासून पोरांचा नुसता गराडा पडला होता. "भाऊ, भरती" ऐकून ऐकून लटारूचे कान किटले. दुपारी तपासणी आटोपली आणि साहेबांनी बजावलं, आता भरतीवाल्या एकालाही आत सोडायचं नाही.

तेवढ्यात त्या गर्दीतून वाट काढत एक तरुण पुढे आला. चैतू त्याचं नाव, जंगलातल्या गावचा गोंड. फाटकाचे गज धरून तो म्हणाला, "भाऊ, भरती कराची होती."

"भरती बंद झाली." लटारूनं मानसुद्धा वर केली नाही.

"मंग कवा होते?"

"पुढच्या महिन्यात ये. फाटक सोड आता."

चैतू घुटमळला. पण सरकारचा माणूस बंद म्हणतो म्हणजे बंद, हे तो लहानपणापासून शिकला होता. तो रस्त्यापलीकडे गेला. तिथं मोहाच्या झाडाखाली बैलगाडीत त्याची बायको बुधरी तापानं फणफणत पडली होती. त्यानं बैल जुंपले आणि गाडी माघारी वळवली.

आपल्याकडे नोकरीत घेतलं तरी भरती, आणि रोग्याला दवाखान्यात ठेवून घेतलं तरी भरतीच. चैतूला रोग्याची भरती ठाऊक होती. लटारूच्या डोक्यात त्या दिवशी फक्त नोकरीची होती.

पुढच्या महिन्यात चैतू सांगितल्याप्रमाणे आला. खांद्यावर लहानगी पोरगी होती. फाटकावर या खेपेला गर्दी नव्हती.

"भाऊ, भरती सुरू झाली का?"

लटारूला हसू आलं. "अबे, पोरं कामावर लागली ना. तू कुठी झोपला होता?"

"कामाची नाई, भाऊ. बिमाराची. मांगं बायकोले आणलं होतं, तं तुमी बंद हाये म्हटलं. ते गाडीतच मेली. आता पोरीले तोच ताप हाये."

त्याच्या बोलण्यात राग नव्हता, तक्रार नव्हती. लटारूचं हसू तोंडातच विरलं. त्यानं फाटक उघडलं, पोरीला उचललं आणि धावतच आत नेलं. सिस्टर वच्छलाबाईंनी पोरीच्या बोटातून रक्त घेतलं, डॉक्टरांना बोलावलं, सलाईन लावलं.

त्या बाहेर आल्या तेव्हा लटारू ओसरीत उभा होता. त्यानं सगळं सांगितलं आणि म्हणाला, "शब्दाचा घोटाळा झाला, बाई. त्यानं भरती म्हटलं, मले वाटलं नोकरीची."

"शब्दावर ढकलू नको, लटारू," वच्छलाबाई म्हणाल्या. "तो दवाखान्याच्या फाटकावर उभा होता. कोनाची भरती, एवढं विचारलं असतं तं घोटाळा झाला असता का?"

"गर्दी होती, बाई."

"साहेबाचा पाव्हणा आला असता तं त्या गर्दीतही तुह्या ध्यानात आला असता. चैतू काऊन नाई आला? अन् त्यानं तं तुह्या बोलण्यावर इतका इस्वास ठेवला, का महिनाभर थांबून आला."

 लटारू आत गेला आणि पोरीच्या खाटेजवळ, चैतूसमोर खाली फरशीवर बसला.

"चैतू, त्या दिवशी नोकरीची भरती बंद झाली होती. दवाखाना चालूच होता."

चैतू त्याच्याकडे वळला.

"खाट होती?"

"होती."

"डाक्टर?"

"होते."

"मंग मीच तिले वापस नेलं," चैतू म्हणाला. "माह्याच हातानं बैल जुपले."

"तू नाई रे. म्या धाडलं तुमाले वापस." लटारूनं तोंड ओंजळीत झाकलं. चैतू पोरीच्या अंगावरचं पांघरूण सारखं करू लागला.

पोरगी वाचली. तिला घेऊन चैतू निघाला तेव्हा लटारूनं फाटक सताड उघडून धरलं. चैतू त्याच्याकडे न बघता निघून गेला.

त्यानंतर लटारू फाटकाच्या आत बसला नाही. कुणी आलं की तो उठून रस्त्यापर्यंत जायचा, गाडीत डोकावायचा, विचारायचा, "कोन बिमार हाये? का होते?" दवाखान्यातले बाबू हसायचे. तो हसू द्यायचा. पण त्यानं बुधरी काही परत आली नाही, आणि हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं.

बंधू-भगिनींनो, बुधरीला ताप होता, पण तिचा जीव एका न विचारलेल्या प्रश्नानं घेतला. गरिबाला आपलं म्हणणं पुरतं सांगू द्यावं, त्याला नेमकं काय हवं ते विचारावं, याला शिक्षण लागत नाही की वरचा हुकूम लागत नाही. खुर्चीवर बसून जो एवढंही करत नाही तो गुन्हेगार आहे, मग कायद्यात त्यासाठी कलम असो वा नसो.