बोकडाची एकुलती प्रत

दुपारी दिगंबर मालशांनी बोकडाच्या जुन्या कार्टून-फिल्ममधला कुजका तुकडा कापून दोन टोकं चिकटवली, तेव्हा त्यांची बायको कुमुद ओट्यापाशी होती ती एकदम दारात आली. मधलं अंतर ती चाललीच नाही.

"अहो, माझ्या हातातली वाटी कुठे गेली?"

मालशांनी टेबलाकडे पाहिलं. वाटी कापलेल्या तुकड्याशेजारी टेबलावर पडली होती, नखाएवढी.

गाजलेली कार्टूनं कुणीही जमवतं. मालशांचा जीव जडला होता तो शंभर वर्षांपूर्वीच्या, कुणालाच ठाऊक नसलेल्या या मुक्या बोकडावर. तो छत्री उघडायचा तेव्हा त्याच्या अंगाची रेघ थरथरायची, कारण चित्र काढणाऱ्याचा हात थरथरला होता. एवढ्यासाठी ते वेडे झाले होते. जगात ही एकच प्रत उरली असावी, म्हणून त्यांनी ती हवाबंद डब्यात जिवापाड जपली, आणि तिथेच माती खाल्ली. कोंडलेली फिल्म आपल्याच वाफेने आंबते, तिला व्हिनेगरचा वास सुटतो आणि ती कडेने आत वळते.

आता कापलं नाही तर कूज पुढे सरकणार, आणि कापलं तर कुमुद आणखी तुटणार. त्यांनी कात्री बाजूला ठेवली. चारच दिवसांत कुमुदच्या केसांना व्हिनेगरचा वास येऊ लागला. तिची बोटं कडेने आत वळू लागली.

"डब्यातल्या त्या माझ्या सवतीला जरा हवा लागू द्या," कुमुद म्हणाली. "मलाही गुदमरल्यासारखं होतंय."

त्यांनी खिडक्यांचे जाड पडदे ओढले आणि फिल्म प्रोजेक्टरवर चढवून यंत्र सुरू केलं. भिंतीवर बोकड चालू लागला तशी कुमुदही खोलीत येरझारा घालू लागली. हसलीसुद्धा. तिला हसताना बघून मालशांना इतकं बरं वाटलं की त्यांचं यंत्राकडे लक्षच राहिलं नाही.

फिल्म यंत्रात अडकली. बोकड एक पाय उचलून थांबला.

"अहो, जरा..." म्हणता म्हणता कुमुदही एक पाय उचलून थांबली. दिव्याच्या उष्णतेने बोकडाच्या पोटावर तपकिरी डाग फुलू लागला. तसाच तिच्या पोटावर.

मालशांनी झटकन दिवा बंद केला. खोलीत काही दिसेना. कुमुदचा तो शेवटचा शब्द मात्र एकसुरात लांबत राहिला.

"आलो, आलो गं," ते म्हणाले. यंत्रात बोटं घालून त्यांनी फिल्म चाचपली. ती कोमट होती, आणि तिच्यात नाडी चालत होती. तुटू नये म्हणून त्यांनी ती हळूहळू ओढायला सुरुवात केली.