मोलियाची उघडी चांदणी

“हात सैल ठेव, सिउला. दोऱ्याशी भांडायचं नसतं.”

मोलियाचे लेकीशी हे बोलणे मी इतक्या वेळा ऐकले आहे, की ती नसतानाही ते माझ्या अंगात भरून राहिले आहे. मित्रांनो, मी एक जुनी क्रोशाची सुई आहे. प्रशांत महासागरातल्या तुवालूच्या एका लहानशा बेटावर, भिंती नसलेल्या घरात, चटईवर माझे आयुष्य गेले.

मूळची मी सायकलच्या चाकातली तार. सायकल खाऱ्या वाऱ्याने खाल्ली, तेव्हा मोलियाच्या नवऱ्याने मला प्रवाळाच्या दगडावर घासून माझ्या टोकाला आकडा काढला आणि मागे करवंटीची मूठ बसवली. मला हातात घेऊन मोलिया म्हणाली, “हा काय मासे धरायचा गळ केलास?”

“गळ कशाला? तू तर कधीच सापडलीस,” तो म्हणाला. पुढे तो समुद्रावर गेला तो आलाच नाही. मी मात्र तिच्या अंबाड्यात राहिले.

सांजेची प्रार्थना झाली, की ती मला केसांतून काढी, खोबरेल लावून पुसी, डोळे मिटून मनात दोन शब्द बोले आणि मग पहिली साखळी घाली. रविवारी मी अंबाड्यातून खाली उतरत नसे. तिला यासाठी कोणी पैसे देत नव्हते, कोणी सक्तीही करत नव्हते. साखळी, मुका खांब, खांब, असे एकेक टाके. वाटले तर पुढे, वाटले तर मागे. एका टोकाची मी, कुठल्याही भोकात शिरणारी. या मुक्त फिरण्यातच तिचा जीव रमे.

सिउलाची आत्या इलाइसा ऑकलंडहून येई, तेव्हा दोन लांब सुया आणि लोकर घेऊन येई. नणंद-भावजयींचे ठरलेले भांडण होते.

“तुझ्या क्रोशाला नुसती भोकंच भोकं,” इलाइसा म्हणे.

“वारा यायला नको? तुझा स्वेटर घालून इथे बसून दाखव, उकडलेला मासा होशील.”

“पण माझं विणकाम ताणलं की ताणतं, सोडलं की जागेवर येतं. शिवाय माझे सगळे टाके सुईवर जागे असतात.”

“म्हणून तर एक निसटला, की तुझा जीव वरखाली. माझा एकच टाका जागा. बाकी सगळे निजलेले. हाक आली, की हे ठेवलं आणि उठले.”

दोघींचेही खरे होते. त्या सुयांविषयी माझ्या मनात काही वावगे नाही.

आमच्याकडे नमुना कुणी लिहून ठेवत नाही. सणाच्या दिवशी काम सर्वांसमोर उलगडेपर्यंत तो कुणाला दाखवतही नाहीत. शेजारची वाइनी हटकून कामाच्या वेळी यायची. “खवणी देतेस का गं जरा?” मोलिया विणकाम मांडीखाली सरकवून म्हणायची, “खवणी चुलीपाशी आहे. मान इकडे का लांब करतेस? बगळा आहेस का?”

सिउलाही विचारी, “मला तरी दाखव, आई.”

“तुझ्या पोटात काही राहत नाही. पूर्ण झाल्यावर बघ.”

नव्या देवळात बायबल ठेवायच्या मेजासाठी आच्छादन देईन, असा शब्द मोलियाने दिला होता. सुट्या चांदण्या विणून जोडायच्या होत्या. शेवटची चांदणी अर्धी असताना तिच्या छातीत दुखू लागले. राजधानीच्या दवाखान्यात नेणारी बोट आली. मोलियाने त्या एका जाग्या टाक्यात सेफ्टी पिन अडकवली आणि मला सिउलाच्या हातात दिले. “मी नाही आले, तर तू पूर्ण कर.”

“करीन,” सिउला म्हणाली.

मोलिया परत आली, ती पेटीतून.

सिउला रडली नाही. तिने पाणी भरले, कंद उकडले, आलेल्या माणसांना वाढले, भांडी घासली. इलाइसा आली, तिच्या गळ्यात पडली, तेव्हाही ती चुलीकडे बघत उभी राहिली. मी बिस्किटाच्या डब्यात पडून होते. धातूला काय वाटणार, असे तुम्ही म्हणाल. पण मोलियाच्या बोटांची ऊब मला कळत असे. डब्यात ती कळेना, आणि ती नाही याचेही काही वाटेना. माझ्यावर तांबडे ठिपके चढले, ते मी चढू दिले.

नवे देऊळ उघडायचा दिवस जवळ आला, तसे सिउलाने मला बाहेर काढले. आईच्या चांदण्या समोर ठेवून ती दुसऱ्या दोऱ्याने नवी चांदणी विणू लागली. तिची चांदणी वाटीसारखी वर वळली. तिने उसवली, पुन्हा विणली, पुन्हा वाटी. पाकळ्या एकमेकींखालून कशा गेल्या आहेत, ते वरून दिसत नव्हते.

वाइनी आली. या वेळी खवणी मागितली नाही. “दे इकडे. उरलेली मी माझ्या नमुन्याने भरून देते. कुणाला कळतंय?”

“आईला कळलं असतं,” सिउला म्हणाली.

वाइनी गेल्यावर इलाइसाने ती अर्धी चांदणी उचलली. “पोरी, क्रोशाचं एक बरं असतं. ज्या वाटेने दोरा गेला, त्याच वाटेने तो परत येतो. बघत बघत उसव, म्हणजे कळेल.”

“आत्या, तिने शेवटची विणलेली आहे ती.”

“मला माहीत आहे.”

“उसवली, की काही राहणार नाही.”

“दोरा राहील,” इलाइसा म्हणाली.

मित्रांनो, तुमच्याही घरात कुणाचे अर्धे राहिलेले काम कपाटात असेल. ते जपायचे म्हणून नुसते बंद करून ठेवू नका. सुईला तेलाचा हात लावा, दोऱ्याला ऊन दाखवा. आणि ज्यांना येते, त्यांच्याजवळ बसून ती आहेत तोवर विचारून घ्या. तुम्हाला येत असेल, तर मांडीखाली लपवू नका. मोलिया वाईट नव्हती. आमच्याकडे तसेच करतात, एवढेच.

दुसऱ्या दिवशी सकाळची प्रार्थना झाल्यावर सिउला हात धुऊन चटईवर बसली. तिचा चेहरा कालसारखाच कोरा होता. तिने खोबरेल घेऊन माझे ठिपके चोळून काढले आणि मला बाजूला ठेवले. चांदणी गुडघ्यावर पसरली. इलाइसाने दोऱ्याचे टोक बोटावर गुंडाळायला घेतले. सिउलाने पिन काढली, टाक्याकडे नीट बघितले आणि पहिला खांब उसवायला घेतला.