पंचेचाळीस लिटरांचा माज

मित्रांनो, मी एक जुना लाकडी खोका आहे. एका छोट्या गाडीच्या डिकीत राहतो. माझ्या पोटात दहा इंची वूफर बसवलेला आहे. गाण्यातला तो खालचा, छातीत घुमणारा आवाज आम्ही दोघं मिळून काढतो. कौतुक मात्र सगळं वूफरचं होतं. खोक्याला कुत्रं विचारत नाही. म्हणून आज मीच बोलणार आहे. आधीच सांगतो, मी काही संत नाही. माझ्यामुळे एका बाईचं घराबाहेर पडणं बंद झालं होतं. पंधरा आठवडे.

माझा जन्म मिलीमीटर मावशीच्या कारखान्यात झाला. मावशी मुळात स्वयंपाकघरातली कपाटं बनवते. एका मिलीमीटरसाठी ती लाकूडवाल्याशी, बिजागरीवाल्याशी आणि वेळ पडली तर गिऱ्हाइकाशीही भांडते, म्हणून हे नाव पडलं. तिच्या कानावर कायम पेन्सिल असते आणि केसांत भुसा. गाडीतल्या वूफरचे खोके ती जोडधंदा म्हणून करते, पण करते अशी की आतली बाजू कोणी बघणार नसली तरी घासून गुळगुळीत करेल.

माझा मालक लिफ्ट दुरुस्त करतो. त्या दिवशी तो नवा वूफर छातीशी धरून आला आणि म्हणाला, "मावशी, असा खोका करा की सिग्नलला शेजारची गाडी थरथरली पाहिजे."

"शेजारच्या गाडीनं तुझं काय घोडं मारलंय?" मावशी म्हणाली. "बस आधी. वूफरबरोबर कागद आला असेल, तो दे."

तिने कागद वाचला आणि त्याला समजावलं. खोके दोन जातीचे. एक बंद खोका. त्यात हवा कोंडलेली असते, तो लहान असतो आणि आवाज नेमका काढतो, ठोका पडला की लगेच थांबतो. दुसरा तोंडाचा खोका. त्याला एक नळी असते, आतली हवा त्या नळीतून बाहेर ढुसण्या देते. तो मोठा असतो आणि आवाजही मोठा करतो. "तुझा वूफर बंद खोक्यात बावीस लिटर हवा मागतो, तोंडाच्या खोक्यात पंचेचाळीस. आणि ही आतली मोकळी हवा बरं का! वूफरचं लोहचुंबक, आतली आडवी फळी, नळी, सगळ्यांनी खाल्लेली जागा वजा करून. लोक बाहेरून मापतात आणि आतून फसतात."

"पंचेचाळीस," तो लगेच म्हणाला.

"डिकीत आणखी काय ठेवतोस?"

"काही नाही. अख्खी डिकी तुमची."

मित्रांनो, मावशीचा नियम होता, डिकी स्वतः मापायची. पण त्या दिवशी गाडी धुवायला दिलेली होती, आणि मालकाने मापं चिठ्ठीवर लिहून आणली होती. मावशीने चिठ्ठीवर विश्वास ठेवला. आयुष्यात पहिल्यांदा ठेवला असेल. आणि मालकाचं म्हणाल, तर तो खोटं बोलला नाही. खोटं बोलायला निदान डोकं चालवावं लागतं. सकाळी गाडी धुवायला देताना त्याने डिकी रिकामी केली होती, आणि रिकामी डिकीच त्याच्या डोळ्यांपुढे होती. डिकीतून काय काढून घरात ठेवलं, हे तो साफ विसरला.

दोन दिवसांत मी उभा राहिलो. अठरा मिलीमीटरचं प्लायवूड, सांध्यांना गोंद, चार-चार बोटांवर स्क्रू, आतल्या कोपऱ्यांत सिलिकॉन, वरून काळं कार्पेट. पंचेचाळीस लिटर, ना थेंब कमी ना थेंब जास्त. डिकीत बसलो तो काय थाटात बसलो! या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत मीच मी. पहिलं गाणं लागलं तेव्हा कोपऱ्यावरच्या दुकानाचं शटर खडखडलं. मालकाच्या कामावरचे लोक डिकीभोवती जमले. कोणी पाठ थोपटली, ती माझीच वाटली. मी फुगलो. प्लायवूड फुगलं तर लोक फेकून देतात. माज फुगला तर मिरवतात.

मग रविवार आला.

मालकाची आई दारात आली. ती एकतीस वर्षं बसमध्ये कंडक्टर होती. कमरेच्या ऑपरेशननंतर पाय साथ देईनात, म्हणून ती चाकाच्या खुर्चीत होती. दर रविवारी मालक तिला डेपोच्या कॅन्टीनमध्ये न्यायचा. तिथे तिच्या वेळचे सगळे निवृत्त लोक जमायचे आणि अपघात, पगारवाढी, भांडणं पुन्हा पुन्हा सांगायचे. आठवड्याचे बाकीचे सहा दिवस ती या रविवारावर काढायची.

मालकाने तिला पुढच्या सीटवर बसवलं, खुर्चीची घडी घातली आणि डिकी उघडली.

डिकीत मी.

त्याने माझ्याकडे पाहिलं. खुर्चीकडे पाहिलं. मग खुर्ची मागच्या सीटवर कोंबायला गेला. दारातून चाक जाईना. चाक गेलं तर दांडा जाईना. शेवटी दांड्याने सीटचं कव्हर टर्रकन फाडलं आणि तो घामाघूम होऊन शिव्या घालायला लागला.

"राहू दे रे," आई म्हणाली. "आज मलाच कंटाळा आला होता."

तिच्या पायात नवे बूट होते. कंटाळा आलेलं माणूस नवे बूट घालत नाही. मला डिकीतून सीटांच्या फटीतून दिसले, मालकाला शेजारी उभं राहून दिसले नाहीत.

पुढच्या रविवारी "बघू" झालं. त्याच्या पुढच्या रविवारी टपावर कॅरिअर लावायचं ठरलं. चौथ्या रविवारी कोणी तो विषयच काढला नाही. गाडी स्वयंपाकघराच्या खिडकीखाली उभी असायची, त्यामुळे मला घरातलं ऐकू यायचं. तिच्या बसवर एकोणीस वर्षं असलेल्या ड्रायव्हरचा फोन यायचा. "कंडक्टरीणबाई, तुझी खुर्ची धरून ठेवलीये मी. पण लोक तिच्यावर पिशव्या ठेवायला लागलेत."

"ठेवू दे. पिशवीचं अर्धं तिकीट फाडा म्हणावं," ती म्हणायची आणि हसायची.

मला राग यायचा, मित्रांनो. शहरभरच्या लोकांना वर-खाली नेणारा हा माणूस, आणि याच्या आईचा प्रवास उंबऱ्याशी संपलेला! त्याच्यावर राग यायचा, तिच्यावर यायचा आणि सगळ्यात जास्त माझ्यावर. पण खोका काय करणार? गाणं लागलं की घुमायचं.

मग एक दिवस माझ्या खालून चिर्र्र आवाज यायला लागला. गाणं खालच्या सुरात गेलं की चिर्र्र. मालकाने नंबर प्लेट घट्ट केली, डिकीच्या दाराला रबर लावलं, वूफरचे स्क्रू पिळले. चिर्र्र काही जाईना. तो तणतणत मावशीकडे गेला. "मावशी, तुमचा खोका कुठेतरी उकललाय."

"माझा खोका?" मावशी म्हणाली. "माझा खोका उकलला तर मी पेन्सिल मोडून टाकीन. उचल त्याला."

दोघांनी मला बाहेर काढलं. मावशी डिकीत वाकली आणि तशीच राहिली. डिकीच्या गालिच्यावर दोन खोल चाकोऱ्या होत्या, वर्षानुवर्षं एकाच जागी चाकं टेकून पडलेल्या. एका चाकोरीत बोटभर लांबीची लोखंडी खीळ पडली होती. तीच माझ्या खाली वाजत होती.

"ही लिफ्टची आहे का?" मावशीने विचारलं.

मालकाने खीळ हातात घेतली. "आईच्या खुर्चीची," तो म्हणाला. "पाय ठेवायच्या फळीची."

"आणि खुर्ची कुठाय?"

"घरी."

"आणि आई?"

तो खीळ बोटांत फिरवत राहिला.

"काही नाही म्हणालास तू मला," मावशी म्हणाली. "डिकीत काही नसतं म्हणालास! आणि मी शहाणी, चिठ्ठीवरून माप घेतलं. चूक माझीही आहे. चल, टेप घे."

मला पुन्हा आत ठेवलं आणि त्याच दुपारी मावशी गाडीबरोबर घरी आली. तिने डिकी उघडी ठेवली आणि आईसमोर सगळं मांडलं. खोका कापायचा, तोंड बुजवायचं, बंद खोका करायचा, खुर्ची परत आत.

आई खुर्चीतच ताठ झाली. "नाही. कापायचं नाही. बाई, तुम्हाला माहीत नाही. आठ वर्षं हा माझी औषधं, माझे डॉक्टर, माझी खुर्ची एवढंच करतोय. पहिल्यांदा काहीतरी स्वतःच्या हौशीचं घेतलंय पोरानं. मी चार रविवार घरी बसले म्हणून काय बिघडलं?"

"पंधरा," मालक म्हणाला. त्याने मोजले होते, हे मला तेव्हा कळलं. "तू बोलली का नाहीस, आई?"

"तू विचारलंस का?"

मित्रांनो, गप्प राहणं म्हणजे माया, असं त्या घरात दोघांनाही वाटत होतं. कसली माया? एक जण जागा अडवून बसला होता आणि दुसरी ती मागत नव्हती, एवढंच.

"मावशी, आवाज कमी होईल ना?" मालकाने हळूच विचारलं.

"होईल. खोटं कशाला बोलू? शेजारची गाडी थरथरणार नाही. पण कापल्यानं वूफर मरत नाही, राजा. नुसता माज जातो."

"मग जाऊ द्या," आई एकदम हसली. "माज केलेले पॅसेंजर मी एकतीस वर्षं मागच्या दारानं उतरवलेत."

मालकाने आईला उचलून खाटेवर बसवलं, खुर्चीची घडी घातली आणि टेप लावली. "अठ्ठावीस सेंटीमीटर."

मावशीने त्याच्या हातातून टेप घेतली. "साडेअठ्ठावीस. अर्धा कुठे ठेवून येणार होतास?"

कारखान्यात माझ्या अंगावर कापायची रेघ मालकाने स्वतः ओढली. रेघ सरळ आली. करवत चालली तेव्हा मला काय वाटलं ते विचारू नका. वाटलं, संपलो. माझी पाठ आता सीटच्या उतारासारखी तिरपी झाली, नळीचं भोक बुजलं, पोट बावीस लिटरांवर आलं. बंद खोक्यातून हवा निसटली तर तो गेलाच, म्हणून मावशीने प्रत्येक सांधा पुन्हा सिलिकॉनने भरला. मग वूफरचा पडदा बोटांनी अलगद आत दाबला आणि सोडला. तो झटक्यात परत आला असता तर गळती होती. तो सावकाश, आळस दिल्यासारखा परत आला.

"एकजीव झालाय," मावशी म्हणाली. एवढी स्तुती मला त्या शटर खडखडलेल्या दिवशीही मिळाली नव्हती.

माझ्या कापलेल्या पाठीची रुंद फळी कोपऱ्यात टाकलेली होती. मावशीने ती उचलली, वर खरखरीत पट्ट्या चिकटवल्या आणि मालकाच्या हातात दिली. "कॅन्टीनला एक पायरी आहे म्हणालास ना? ही तिच्यावर टाक. उचलायला दर वेळी दोन माणसं कशाला?"

रविवारी आई दारात आली. तेच बूट, आता तितके नवे नव्हते. मालकाने खुर्ची डिकीत उभी केली. तिची चाकं जुन्या चाकोऱ्यांत बसली आणि दांडा माझ्या अंगाला टेकला. फळी तळाशी सरकली. डिकी लागली. मालकाने गाणं लावलं, आणि मी पहिल्यांदा स्वतःचा आवाज ऐकला. प्रत्येक ठोका वेगळा, प्रत्येक सूर आपापल्या जागी.

"आधी हा चढावर धापा टाकणाऱ्या बससारखा घोरायचा," आई म्हणाली. "आता काय गातोय ते तरी कळतं."

मग तिने डॅशबोर्डवर बोटाच्या पेराने दोनदा ठोकलं. टक टक. गाडी हलली. मागून मालकाच्या बोलण्यातून मला कळलं, की ही तिची जुनी सवय होती. दोन ठोके म्हणजे चला. मी गाडीत आल्यापासून ते ठोके एकदाही वाजले नव्हते.

याला आता नऊ वर्षं झाली. वूफरच्या कडेचं रबर एकदा बदललं. माझं कार्पेट उसवलंय, आणि खुर्चीचा दांडा जिथे टेकतो तिथे मला खळगा पडलाय. मालक नवं कार्पेट लावू म्हणतो, पण मला तो खळगा बुजवायचा नाही.

मित्रांनो, हौस जरूर करा. मोठ्या आवाजात करा. पण कुठलाही खोका घरात, गाडीत, आयुष्यात आणण्याआधी मापं चिठ्ठीवरून देऊ नका. स्वतः डिकी उघडा, वाका आणि बघा, तिथे आधीपासून कोणाच्या चाकोऱ्या पडल्या आहेत. आणि ज्यांची जागा जाते त्यांनाही सांगतो, "राहू दे" म्हणू नका. ओरडा. मी पंचेचाळीस लिटर हवा घेऊन ओरडत होतो, तुम्हाला एक वाक्य जड आहे का?

बरं, पुरे झालं. आज रविवार आहे. खुर्ची आत आली, डिकी लागली. मी पुढच्या दोन ठोक्यांची वाट बघतोय.

टक टक.

चला.