दणकटकाकांचा ट्रेलर

"आकडा वाचता येतो मला," दणकटकाका म्हणाले. "चौऱ्याऐंशी. पुढं काय?"

टायरवाल्याने फाटलेल्या टायरच्या कडेवरच्या आकड्यावरून अंगठा फिरवला. "पुढं असं, की हे किलो नाहीत काका. कोणत्या आकड्याला किती किलो, त्याचा तक्ता असतो. चौऱ्याऐंशी म्हणजे एका टायरला पाचशे किलो. तेही हवा पुरेशी असेल तर."

"हवा मी स्वतः बघतो."

"मग वजन जास्त झालं असणार."

काका त्याच्याकडे रोखून पाहत राहिले. गिऱ्हाइकाला आधी घाबरवायचे आणि मग महागातला माल त्याच्या गळ्यात मारायचा, ही तऱ्हा त्यांना नवी नव्हती. उभा जन्म त्यांनी वेल्डिंगच्या शेडमध्ये काढला होता. त्यांच्या हातची वस्तू कधी मोडत नसे, आणि सहसा हलतही नसे. घरातल्या लोखंडी बाकाभोवतीनेच केर काढावा लागे. दणकट हे नाव लोकांनी चेष्टेने ठेवले होते, पण काकांनी ते बक्षिसासारखे मिरवले.

लेकीने रोपवाटिका काढली तेव्हा कुंड्या न्यायला हा ट्रेलर त्यांनीच बांधून दिला होता. गेल्या आठवड्यात उतारावर त्याचा टायर फुटला. ट्रेलरने गाडीला असा हिसका दिला की ती कडेच्या खांबाला घासून थांबली. लेकीच्या कपाळाला टाके पडले. तेव्हापासून ती गाडीच्या किल्लीला हात लावत नव्हती.

"दोन टायर म्हणजे हजार किलो," काका म्हणाले. "आमच्या कुंड्या सहाशेच्या आसपास."

"आणि ट्रेलरचं स्वतःचं?"

"असेल दोनशे."

"मग आणखी काहीतरी जातंय त्यातून," टायरवाला हात पुसत म्हणाला. "आधी भरलेल्या ट्रेलरचं वजन करून आणा. नुसता आधीसारखा दिसतो म्हणून टायर घ्यायचा नसतो. वजन कळलं की त्याच्या थोडा वरचा देतो."

आणखी काहीतरी! घरी येईपर्यंत ते शब्द काकांच्या डोक्यात घण घालत होते. ट्रेलरच्या तळाशी विटांची लाल भुकटी त्यांनी स्वतः पाहिली होती. जावई घरदुरुस्तीची कामे घेत असे, आणि संध्याकाळी ट्रेलर त्याच्याच ताब्यात असे. विचारले की म्हणायचा, "कुंड्याच पोचवल्या, बाबा." एवढा गोड बोलणारा माणूस काकांना कधीच पटला नव्हता.

दुपारी त्यांनी लेकीला गाठले. ती कपाळाची पट्टी सांभाळत रोपांना पाणी घालत होती.

"तुझा नवरा तुझ्या ट्रेलरमधून विटा वाहतोय."

"तुम्ही पाहिलंत?"

"पाहायला कशाला पाहिजे? त्याच्या हावेपायी तुझं डोकं फुटलं, हे दिसत नाही का तुला?"

लेकीने झारी खाली ठेवली. "बाबा, हे जर खरं निघालं तर मी त्याच्याबरोबर राहणार नाही. आणि खोटं निघालं तर?"

काका पाठ फिरवून चालू लागले. खोटे निघण्याचा प्रश्नच नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी जावयाने फाटलेल्याच्या जागी जादाचा टायर चढवला आणि कुंड्या बेतानेच भरायला घेतल्या, तेव्हा काका फाटकात उभे राहिले. "थांबा, जावईबापू. रोजच्याइतक्या भरा. आज वजनकाट्यावर जायचंय. मी येतो, तीही येतेय."

"आत्ता?"

"का? अडचण आहे?"

"अडचण कसली? चला."

एवढ्या पटकन हो म्हणाला, यातही काकांना पाणी मुरताना दिसले. गाडी अगदी सावकाश न्यायला लावून ते वाटभर मागच्या काचेतून ट्रेलरवर नजर ठेवून होते. लेक मधे बसली होती आणि दोघांपैकी कोणाकडेच पाहत नव्हती.

काटेवाल्याने फक्त ट्रेलरची चाके काट्यावर घेतली. खिडकीतून तो ओरडला, "अकराशे चाळीस!"

"बघ!" काका लेकीकडे वळले. "आणि आज तर नुसत्या कुंड्या आहेत. विटा असतील त्या दिवशी काय होत असेल?"

"विटा आहेतच की," जावई म्हणाला. त्याने वाकून कोपऱ्यातल्या कुंड्यांखालून वीट ओढली. "या चार. कुंड्या घसरतात म्हणून अडकण लावतो."

"चार विटांनी एवढं वजन होतं?"

"नाही होत. म्हणून तर म्हणतो, उतरवू या सगळं. रिकामा तोलू."

तिघांनी मिळून कुंड्या खाली घेतल्या. काटेवाला मागे खोळंबलेल्या ट्रकवाल्याला म्हणाला, "दम धर रे, इथं घरगुती मामला आहे." ओली माती काकांच्या सदऱ्यावर सांडत होती. ती झटकायलाही ते थांबले नाहीत.

रिकामा ट्रेलर पुन्हा काट्यावर गेला.

"पाचशे दहा!"

"पुन्हा बघ," काका म्हणाले.

"पाचशे दहाच."

"तुझा काटा बिघडलाय."

"काका, माझ्या काट्यावर मघाशी सिमेंटचा ट्रक बरोबर उतरला. तुमचाच ट्रेलर तेवढा भांडतोय होय?"

काका खाली बसले आणि ट्रेलरच्या पोटाखाली पाहू लागले. दुहेरी पत्रा त्यांनीच ठोकला होता. आडव्या पट्ट्या दोन पुरल्या असत्या तिथे पाच घातल्या होत्या. लेकीचा ट्रेलर आहे, कुठे दगा देऊ नये, म्हणून. वजन करून पाहावे असे त्यांच्या मनात कधी आलेच नाही. आपल्या हातच्या लोखंडाचा आपल्याला अंदाज असतो, असे ते धरून चालले होते.

उठताना त्यांनी जावयाकडे पाहिले. आता हा बोलेल, बोलायलाच हवे, असे वाटून त्यांनी मान खाली घातली. जावई कुंड्या पुन्हा भरू लागला होता. निम्म्याच; उरलेल्या दुसऱ्या खेपेला.

परतताना टायरवाल्याकडे थांबले. "जास्त वजनाचा टायर देतोस?" काकांनी हळूच विचारले.

"देईन. पण रिम आणि बेअरिंग तीच राहणार ना? त्यांनाही मर्यादा असते. आधी वजन उतरवा, काका."

संध्याकाळी काकांनी ट्रेलर शेडमध्ये घेतला. कापायचे यंत्र काढले आणि मग कितीतरी वेळ खडू हातात धरून नुसते उभे राहिले. लेक आणि जावई दारात आले तेव्हा त्यांनी खडू जावयापुढे धरला.

"तुम्ही आखा, जावईबापू. कुठून कापू ते तुम्ही सांगा."

जावयाने लेकीकडे पाहिले. तिने मान हलवली. तो बाजूच्या जाड पत्र्यावर रेघ ओढू लागला. मागच्या कोपऱ्यात काकांनी कधीतरी हौसेने वेल्डिंगचे एक पान काढले होते, शिरांसकट. तिथे आल्यावर जावयाचा हात थबकला, आणि त्याने पानाला वळसा घालून रेघ पुढे नेली.

काकांनी खिशातून रुमाल काढला. तो वळसा पुसला, जावयाच्या हातातून खडू घेतला आणि पानावरून सरळ रेघ मारली.