पाटी वाळेपर्यंत

गुरुवार उजाडला की दोंडाईच्याहून येणारी एसटी मालखेड्याच्या फाट्यावरच रिकामी होत असे. ड्रायव्हर पुढं कोण उरलंय हे न बघताच गियर टाकायचा. उतरलेली सगळी माणसं एकाच दिशेला चालू लागत: गावाबाहेरच्या बंद पडलेल्या, कापसाच्या जिनिंगकडे. तिथं ओट्यावर निरोपानंद महाराज बसत. गावानं मात्र त्यांचं नाव कधीच सोपं करून टाकलं होतं, पाटीबाबा.

महाराजांसमोर एक पितळी घंगाळ असे आणि त्याच्या पाण्यात बुडवलेल्या पाट्या. शाळेतल्याच, लाकडी चौकटीच्या. महाराज डोळे मिटून हात घालायचे, एक पाटी काढायचे, दोन्ही बाजूंनी गर्दीला दाखवायचे. काळी कुळकुळीत. मग ज्याचं माणूस गेलंय त्याच्या मांडीवर ती ठेवायची.

"फुंकर मारू नका, बोट लावू नका," महाराज सांगत. "आत्म्याला लांबून यायचं असतं. विज्ञान जिथं थकतं तिथून आमची पाटी सुरू होते. नासावाले मागायला आले होते, आम्ही दिली नाही."

नासावाल्यांना मालखेड्याचा फाटा कसा सापडला, हे कुणी विचारत नसे. मार्चचं ऊन असायचं. पाटी कडेकडून वाळू लागायची आणि काळ्यावर पांढरी अक्षरं वर यायची. आधी अंधूक, मग ठळक. मी सुखात आहे. पाटी मांडीवर धरलेली बाई हंबरडा फोडायची, मागचे लोक मोबाइल उंच करायचे आणि महाराजांचा चेला हिलाल दक्षिणेचं ताट पुढं सरकवायचा.

त्या गुरुवारी गर्दीत हेमांगीही बसली होती. डी.एड.च्या दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी. गावच्या जिल्हा परिषद शाळेत इंटर्नशिपला आलेली, दुसरीच्या वर्गाला मदतनीस म्हणून. ती मूळची भडगावची. दिवाळीत तिचे अप्पा गेले. ज्यांच्या घरी तिनं खोली घेतली होती त्या कुंदाबाई तिच्या मागं लागल्या होत्या.

"इचारी ले ना माय तुना बापले. इतला लोकेस्ना येतस, तुनाच कसा येवाव नही?"

हिलालनं आत शिरतानाच विचारून घेतलं होतं, कोण गेलं, कधी गेलं. आई गेलेले डावीकडे बसा, वडील गेलेले उजवीकडे. हेमांगी उजवीकडे बसली. तिच्या मांडीवर ओली पाटी आली. गार पाणी ओढणीत झिरपलं. आणि अक्षरं आली: बेटी, मी सुखात आहे. रडू नकोस.

कुंदाबाईंनी डोळ्याला पदर लावला. हेमांगी पाटीकडे बघत राहिली.

अप्पा एसटीत कंडक्टर होते. आयुष्यात त्यांनी कशालाही सुख म्हटलं नव्हतं. चहा गोड असला तर पाक झालाय म्हणायचे, अगोड असला तर काढा. दवाखान्यातल्या शेवटच्या आठवड्यात त्यांनी पंख्याचा वेग, वरणातलं मीठ आणि शेजारच्या खाटेवरच्या पाहुण्याचं घोरणं, अशा तिन्ही तक्रारी नर्सकडं तोंडी नोंदवल्या होत्या. आणि ते तिला बेटी म्हणत नसत. हेमे म्हणत, तेही दारातूनच, मोठ्यानं. अप्पा खरोखर वर गेले असते आणि तिथं त्यांना पाटी मिळाली असती, तर पहिली ओळ तिथल्या व्यवस्थेवर आली असती.

तिनं आजूबाजूच्या पाट्या बघितल्या. सगळे सुखात. उभ्या गावाशी भांडून गेलेली झुलाल पाटलांची आईसुद्धा सुखात. माणूस मरताना जीव सोडतो हे तिला माहीत होतं, स्वभावही सोडतो हे नवीन होतं.

तरीही मांडीवरची पाटी खाली ठेवायला तिला वेळ लागला. याचा तिला नंतर फार राग आला.

निघताना डावीकडच्या रांगेत तिला दुसरीतली मृणाली दिसली, आजी तानुबाईच्या कुशीत. मृणालीची आई पावसाळ्यात काविळीनं गेली होती. घरच्यांनी काविळीची माळ घातली; माळ लांबत गेली की कावीळ उतरते म्हणतात. माळ पोटापर्यंत लांबली, बाई गेली. बाप सुरतेला साडीच्या कारखान्यात. हिलाल तानुबाईपुढं वाकून बोलत होता.

"अक्का, तुमच्या सुनेचा जीव पोरीत अडकलाय. पुढच्या गुरुवारी ती स्वतः सांगेल, पोरगी कुठं ठेवायची. महाराजांच्या आश्रमात सेवेला मुली असतात. तिची तीच इच्छा दिसते."

"आते ती सांगी तसं करसूत," तानुबाई म्हणाल्या. "मी पिकेल पान. पोरले कोन दखी?"

सात वर्षांची पोर एका पाटीच्या सांगण्यावरून कुठल्या तरी आश्रमात जाणार होती, आणि पाटी गुरुवारी वाळणार होती.

मृणालीची एक पाटी आधीच वर्गात येत होती. मागच्याच दरबारात मिळालेली: बाळा, मी सुखात आहे. ती पोर त्या पाटीवर काही लिहीतच नव्हती. वजाबाकी सांगितली की पाटी छातीशी धरायची. हेमांगीनं तिला कागद दिला होता. तिनं पाटीबाबाचा विषय काढला तेव्हा धनसिंग सर, म्हणजे वर्गशिक्षक आणि मुख्याध्यापक दोन्ही, म्हणाले होते, "राहू द्या मॅडम. तुम्ही जूनमध्ये जाल. मला इथंच रिटायर व्हायचंय." मग ते 'तंबाखूमुक्त शाळा' या फलकाखाली उभे राहून तळहातावर तंबाखू-चुना मळू लागले होते.

शुक्रवारी हातच्याची बेरीज चालू होती. हेमांगीनं ओल्या फडक्यानं फळा पुसला आणि वळली, तर मागं भांडण. प्रेमराज नावाच्या पोरानं मृणालीची पाटी ओढून तिच्यावर बाटलीतलं पाणी ओतलं होतं आणि बाहीनं पुसून टाकली होती. "रोज रोज काय मायनी पाटी, मायनी पाटी."

पाटी काळी झाली. मृणाली ओरडली नाही. तिनं तोंड उघडलं, आवाज आला नाही. हेमांगीनं तिला जवळ घेतलं, प्रेमराजला बाहेर काढलं, पाटी खिडकीत ठेवली.

थोड्या वेळानं पुढच्या बाकावरून आवाज आला. "मॅडम, दखा. वापस वनं."

खिडकीतल्या पाटीवर अक्षरं परत आली होती. बाळा, मी सुखात आहे. अर्धा वर्ग बाकाखाली गेला. प्रेमराज दारातच रडायला लागला, आता त्याला मृणालीची माय धरणार म्हणून.

हेमांगी मात्र पाटीकडे बघत नव्हती. ती फळ्याकडे बघत होती. आताच पुसलेला काळाभोर फळा वाळत होता आणि त्याच्यावर धनसिंग सरांची कालची बेरीज, हातच्यासकट, हळूहळू पुन्हा वर येत होती.

धनसिंग सरांचा आत्मा अजून त्यांच्यातच होता. व्हरांड्यात थुंकत होता.

मधल्या सुट्टीत तिनं सरांकडं चुन्याची डबी मागितली. सरांनी आधी डबी नाहीच म्हटलं, मग फलकाकडे पाठ करून दिली. तिनं पाण्यात चुना ताकासारखा पातळ कालवला, काडीनं एका पाटीवर लिहिलं आणि पाटी कपाटावर ठेवून दिली. शनिवारी सगळे गेल्यावर ती बादलीत बुडवली. काळी. दोन्ही बाजूंनी बघितली. काळी कुळकुळीत. मग पायरीवर उन्हात मांडीवर घेऊन बसली.

तिनं लिहिलं होतं, अप्पा, चहा झाला का.

चुना तिनं कालवला होता, काडी तिची, अक्षर तिचं. सगळं माहीत होतं. तरी 'अप्पा' मधला अ जेव्हा काळ्यातून वर आला तेव्हा नकळत तिनं पाटीवर ऊन नीट पडावं म्हणून गुडघा वळवला. म्हणजे हे असं होतं तर. जिनिंगच्या आवारातली माणसं मूर्ख नव्हती. त्यांना फक्त कुणाची तरी वाट बघायची होती, आणि पाटीबाबा वाट बघायला जागा देत होता.

सोमवारी तिनं सगळं वर्गाला करून दाखवलं. मुलांना आत्म्यापेक्षा चुन्यात जास्त रस निघाला. मृणाली मागं बसून बघत होती. छातीशी पाटी तशीच.

"गुरुवारी मुलांना जिनिंगवर न्यायचंय," हेमांगीनं धनसिंग सरांना सांगितलं.

सरांनी बराच वेळ तंबाखू मळली. "परिसर भेट म्हणा. अभ्यासक्रमात आहे. पण मला लेखी काही मागू नका."

"तुम्ही याल का?"

"परिसरात मी असतोच," सर म्हणाले, आणि डबी तिच्या टेबलावर ठेवून गेले.

गुरुवारी दरबार भरला. महाराजांनी घंगाळातून पाटी काढून तानुबाईंच्या मांडीवर ठेवली. शेजारी मृणाली. तेवढ्यात फाटकातून दुसरीचा वर्ग रांगेत आत आला, पुढं दोघांनी धरलेल्या पाण्याच्या बादल्या, त्यात पाट्या.

हिलाल आडवा आला. "काय काम शे रे?"

"निरोप वाळाडाना शेतस," प्रेमराज म्हणाला.

लोक हसले. पोरांनी ओट्यासमोरच्या उन्हात पाट्या ओळीनं मांडल्या. सगळ्या काळ्या. हेमांगीनं दोन-चार उचलून गर्दीला दोन्ही बाजूंनी दाखवल्या, अगदी महाराजांसारखं. "फुंकर मारू नका," ती म्हणाली. "लांबून यायचं असतं."

महाराजांनी डोळे उघडले.

तानुबाईंच्या पाटीवर अक्षरं आली. हिलालनं ती मोठ्यानं वाचली: मुलीला सेवेत द्या. आणि त्याच वेळी खालच्या ओळीतल्या पाट्याही वाळू लागल्या. लोक वाकून वाचू लागले. मी सुखात नाही, इथे खिचडी मिळत नाही. गृहपाठ बंद करा, हुकूम. पाटीबाबा पाणी बदल, वास येतो. एका पाटीवर नुसतंच गाढव होतं, पण चांगलं काढलेलं. शेवटच्या पाटीवर 'सरांची तंबाखू बंद करा' असं आलं आणि गर्दीच्या कडेला उभे असलेले धनसिंग सर कडुनिंबाच्या आड झाले.

"बच्चों की पाटी में प्रेतबाधा है," महाराज म्हणाले. "हात लावू नका कुणी."

"बाधा नाही, चुना आहे," हेमांगी म्हणाली. "पातळ कालवायचा, काडीनं लिहायचं, पक्का वाळू द्यायचा. पाण्यात पाटी काळी दिसते, वाळली की अक्षर पांढरं. दिवाळीला घराला चुना मारता तेव्हा भिंत आधी ओली, कळकट दिसते आणि वाळल्यावर पांढरी होते. तुम्ही सगळ्यांनी बघितलंय. शाळेत पाट्या पुसल्यात तुम्ही. महाराजांना फक्त एक सांगा. बाजारातून कोरडी, कोरी पाटी आम्ही आणून देतो. तिच्यावर येऊ दे निरोप."

महाराज म्हणाले, आत्म्यांना पाण्याची वाट लागते. गर्दीतून कुणीतरी म्हणालं, मग नळाच्या पाण्यानं येतील का. पुन्हा हशा.

तानुबाई हसत नव्हत्या. त्या मांडीवरच्या पाटीकडे बघत होत्या. मग त्यांनी मान वर केली.

"महाराज, तिले इचारा, कोठीनी किल्ली कोठे ठेयेल शे? ती गयी तैनपशी सापडस नही."

"अक्का, ती सुखात आहे. आत्म्याला असल्या गोष्टी…"

"सुखमा शे ना? मंग किल्ली सांगाले तिनं काय जास?"

महाराजांनी डोळे मिटले. हिलाल ताटाकडे बघू लागला.

"पोर दी टाक म्हनस, आनि किल्ली सांगस नही?" तानुबाई उठल्या. त्यांनी पाटी घंगाळात टाकली, पाणी ओट्यावर उडालं. "मनी सून अशी नव्हती. ती आधी किल्ली सांगती, मंग माले चार शिव्या देती." मृणालीचा हात धरून त्या चालू लागल्या.

पुढच्या गुरुवारी जिनिंग रिकामी होती. आत्मे आता यावलच्या केळीबागांकडे वळलेत, असं हिलाल म्हणाल्याचं कानावर आलं. तिकडं कुणाला निरोप आलाच तर एवढं करा: पाटी आपल्या घरून न्या, कोरडी न्या, आणि गेलेल्या माणसाला असं काही विचारा जे फक्त त्यालाच ठाऊक होतं. उत्तर आलं नाही म्हणून वाईट वाटेल. तेवढं वाईट वाटून घ्यायला काही हरकत नाही.

त्याच्या दुसऱ्या दिवशी मृणाली हेमांगीच्या टेबलाशी येऊन उभी राहिली. पाटी हातात.

"मॅडम, मंग मनी माय कोठे शे?"

हेमांगीला बरीच उत्तरं माहीत होती. चांदणी झाली, देवाघरी गेली, वरून बघते. तिला स्वतःला दिवाळीपासून ती सगळी मिळाली होती.

"कुठंच नाही, मृणाली. ती मेली. माझे अप्पाही मेले. मेलेली माणसं लिहीत नाहीत. त्यांच्या नावानं दुसरं कुणी लिहीत असेल, तर त्याचे हात बघायचे." पोर बघत राहिली. "तुझी आई तुला काय म्हणायची?"

मृणालीनं विचार केला. "हालू नको, डोकामा उवा शेतस."

मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं, आणि मृणालीही हसली.

हातपंपाशी बसून तिनं पाटी विटेच्या तुकड्यानं आणि वाळूनं घासली. चुना चिवट असतो, प्रेमराजलाही घासावं लागलं. मग ती पाटी उन्हात ठेवली आणि सगळा वर्ग भोवती उकिडवा बसून बघत राहिला. पाटी कडेकडून वाळली, मधोमध वाळली. काहीच आलं नाही.

मृणालीनं आणखी थोडा वेळ वाट बघितली. मग पेन्सिल थुंकीनं ओली केली आणि मोठ्या अक्षरांत स्वतः लिहायला घेतलं: हालू नको.