मालोजीरावांच्या खिशातली किसणी

मी जायफळाची किसणी बोलतेय. पितळेची, तळहाताएवढी. बंगळूरच्या जुन्या पेठेत एका तांबटानं खिळ्यानं टोचून टोचून मला दात दिले, आणि १९५० साली तानूबाईंच्या लग्नाच्या भांड्यांबरोबर मी मल्लेश्वरमला आले. किसणीनं सणासुदीला खाली यावं आणि एरवी फळीवर पडून राहावं. माझ्या नशिबी ते स्वास्थ्य नव्हतं.

तानूबाईंचे यजमान मालोजीराव छावणीतल्या एका क्लबात नोकरीला होते. घरी सांगत, कोठीवर आहे. खरं तर ते बारमागे उभे राहून पेले भरत. पण हे घरी सांगायची सोय नव्हती. तानूबाईंचे वडील दारूपायी गेले होते. लग्न ठरताना तानूबाईंनी एकच अट घातली होती, दारूशी संबंध नको. मालोजीरावांनी शब्द दिला आणि अर्धाच पाळला. स्वतः कधी थेंब जिभेला लावला नाही. नोकरीचं मात्र खोटं बोलले.

क्लबातली डब्यातली जायफळपूड शिळी असे, म्हणून ते रोज मला कोटाच्या खिशात घालून नेत आणि संध्याकाळी गुपचूप फळीवर ठेवत. त्यांचं पंच नावाचं पेय साऱ्या छावणीत नावाजलेलं होतं. काचेच्या मोठ्या वाडग्यात ताडीपासून गाळलेली अरॅक, गूळ, लिंबू, पाणी आणि वर मी किसलेलं जायफळ. एका म्हाताऱ्या इंग्रज साहेबानं त्यांना सांगितलं होतं, "पंच हे नाव तुमच्याच पाचावरून आलं. पाच जिन्नस म्हणून पंच. आमच्या खलाशांनी ते इथून उचललं आणि जगभर नेलं." मालोजीरावांची छाती फुगली. पण घरी येऊन हे सांगायचं कुणाला? लिंबाचा वास जावा म्हणून ते नळावर तीन तीनदा हात धूत. जेवताना कुणी दार वाजवलं की त्यांचा घास तसाच हातात राही.

१९६१च्या रामनवमीला तानूबाई पानक, म्हणजे रामाच्या नैवेद्याचं गुळाचं सरबत, करायला बसल्या. गूळ, लिंबू, सुंठ, वेलची काढून झाली. जायफळ हातात घेतलं, तर मी जागेवर नव्हते. सणावारी मालोजीराव मला आठवणीनं घरी ठेवत, पण त्या दिवशी क्लबात शंभर पाहुण्यांचं जेवण होतं आणि ते घाईत निघाले होते. नवऱ्याच्या कोटाला जायफळाचा वास येतो हे तानूबाईंना कधीपासून ठाऊक होतं. त्यांनी विचारलं नव्हतं. आज त्या बस धरून क्लबाच्या मागच्या फाटकाशी गेल्या.

पहारेकरी नरसिंह उठून उभा राहिला. "कोण पाहिजे, अक्का?"

"कोठीवरचे मालोजीराव."

"कोठीवर? मालोजीअण्णा तर बारमध्ये असतात. स्वल्प थांबा, बोलावतो."

त्या थांबल्या नाहीत.

मी तेव्हा मालोजीरावांच्या हातात होते. बायकोला दारात बघून त्यांचा हात घसरला आणि माझे दात त्यांच्या अंगठ्यात रुतले. तानूबाई वाडग्यावर वाकल्या, वास घेतला.

"गूळ, लिंबू, जायफळ. हे तर पानकच."

"त्यात अरॅक आहे," मालोजीराव म्हणाले.

"पिता?"

"नाही. तुझी शपथ."

"शपथ नको. माझ्या बाबांचा पेलाही कुणीतरी भरतच होतं. त्याच्या बायकोला तरी ठाऊक होतं का, तो काय करतो ते?"

मला न घेताच त्या परत गेल्या. त्या वर्षी रामाला बिनजायफळाचं पानक मिळालं.

घरात बोलणं कामापुरतं उरलं. आणि इतकी वर्षं ज्यांना रिकामा पेला तेवढा दिसायचा, त्या मालोजीरावांना आता पेल्यामागचा माणूस दिसू लागला. भगवंतराव नावाचे एक सभासद रोज दुपारी येत. त्यांची बायको बाहेर गाडीत बसून राही. एका दुपारी त्यांनी सहावा पेला मागितला. मालोजीरावांनी गूळ, लिंबू, पाणी घेतलं, वर मला फिरवलं आणि पेला पुढे ठेवला.

भगवंतरावांनी घोट घेतला. "मालोजी, ह्यात काहीच नाही."

"सरी साहेब, बरोबर ओळखलंत, नाही. वहिनीसाहेब कधीच्या उन्हात बसल्यात."

दुसऱ्या दिवशी तक्रार आली. मालोजीरावांना बारमधून काढून चहाच्या खोलीत धाडलं.

घरी येऊन त्यांनी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, पहिल्या खोट्यापासून. तानूबाईंनी चुलीवरचा भात उतरवला. मग म्हणाल्या, "ते तुमचं पंच करून दाखवा. दारूशिवाय."

मालोजीरावांनी केलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या हातचं चाखलं. त्यांचं तोंड वाकडं झालं.

"लिंबू फार होतंय."

"एवढंच घालत होता?"

"अकरा वर्षं."

"आणि कुणी बोललं नाही?"

"दारू होती ना त्यात."

तानूबाई पदर तोंडाला लावून हसल्या. रामनवमीनंतर त्या घरात मी ते हसू पहिल्यांदा ऐकलं.

आता १९६७ चाललंय. माझे दात बोथट झालेत, आणि गल्लीत घरोघरी पितळ देऊन स्टील घ्यायची टूम निघालीय. भांडीवाली आज आमच्या उंबऱ्यावर तराजू घेऊन बसलीय. तांब्या गेला, परात गेली. मला हातात घेऊन तानूबाईंनी माझ्या दातांवरून बोट फिरवलं, मग म्हणाल्या, "ही आज नको. ह्यांना विचारते."

संध्याकाळ व्हायला अजून वेळ आहे. बाई, त्यांना जरूर विचारा. पण मला द्यायचं ठरलंच, तर माझ्याकडून एकदा शेवटचं जायफळ किसून घ्या आणि दोघं मिळून प्या. लिंबू मात्र बेतानं घाला.