रेघेपल्याडचं माहेर

वैशाखाची उतरती दुपार. चांदोरी तलावाचं पाणी मागं मागं सरत आपल्याच खळग्यात अंग चोरून बसलेलं. काठाकाठानं भेगाळलेली भुई, वाळल्या लव्हाळ्यांची पिंगट रांग, आणि त्या रांगेवर टेकलेला ताम्रवर्ण, तप्त, तटस्थ प्रकाश. पाहणाऱ्याला वाटावं, तलावानं ही जमीन कायमची सोडली. पण पाणी असं काही सोडत नसतं, बाबांनो. ते उन्हाळ्यापुरतं गावाला गेलेलं असतं.

त्या सोडल्यासारख्या भासणाऱ्या भुईवर, जोत्याच्या ओबडधोबड दगडांत, एक चौकट उभी होती. भिंती नाहीत, छप्पर नाही; नुसती सागवानी, हरिद्रा-कुंकुम-चर्चित, आम्रपर्ण-मंडित चौकट. टेकराम कापगत्यानं अक्षय्य तृतीयेला पूजा करून ती उभारली. वडिलोपार्जित घर चुलत्यांच्या वाटणीत गेलं, स्वतः तो बायकोसह भाड्याच्या खोलीत राहत होता. या नव्या घरात पाण्याकडं खिडकी असलेली एक खोली त्यानं धाकट्या बहिणीसाठी आखली होती. आईबाप गेले म्हणून काय झालं, बहिणीला माहेर हवंच, असा त्याचा ध्यास.

आणि त्याच बहिणीच्या, हेमलताच्या, हातात आज माती काढायचं गिरमिट होतं. तलावाची पाणथळ जमीन कुठवर, ते शोधायचं आणि नकाशावर रेघ ओढायची, ही तिची नोकरी. रेघेच्या आत बांधकाम बंद. दुसऱ्या कुणाला पाठवा, असं ती कचेरीत म्हणालीही होती. पण भाऊच अडून बसला. माझी बहीणच रेघ ओढणार, असं गावभर सांगत सुटला. भोळा जीव! आम्ही कोहळी, तलाव बांधणाऱ्यांचे वंशज, पाणी कुठवर येतं हे आम्हाला कोण शिकवणार, असा त्याचा तोरा. दुष्काळी सालांतला आटलेला काठ त्यानं खुणेला धरला, आणि तिथंच फसला.

चौकटीपाशी गिरमिट फिरत गेलं, फिरत गेलं, खोल खोल फिरत गेलं. वर कोरडी पिवळी माती. तिच्याखाली काळी. आणि मग करडी. गार, गुळगुळीत, तांबूस शिरांनी विणलेली. वर्षानुवर्षं पाणी मुक्कामाला आलं की मातीचा रंग असा होतो. चार हात गावाकडं सरकून हेमलतानं पुन्हा गिरमिट रोवलं, पुन्हा सरकली, पुन्हा रोवलं. करडी आणि तांबूस, तांबूस आणि करडी. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी तिची गत झाली.

टेकराम जवळ आला. बहिणीचा चेहरा त्याला वाचता येत होता.

"रेघ जराशी पान्याकडं सरकव ना, बाई," तो हळूच म्हणाला. "कोन पाह्यते इथं?"

राग आला तिला. रागापेक्षा मोठी माया आली. तिनं मातीचा ओला गोळा तळहातावर फोडला. आत काळवंडलेली, लांब कुसांची टरफलं निघाली. देवधानाची. न नांगरता, न पेरता, उथळ पाण्यात आपसूक उगवणारं हे धान. ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं खायचं नसतं, म्हणून आई ते जपून ठेवायची. गुडघाभर पाण्यात उतरून ती इथलेच लोंब्यांचे लोंगर झोडायची, आणि ही दोघं काठावर बसून तिची वाट बघायची.

टेकरामनं एक टरफल उचललं. बोटांत फिरवलं. बराच वेळ फिरवलं. त्याचा सगळा तोरा त्या बोटांतून गळून गेला.

"मायचं पानी होय हे," तो म्हणाला. मग थांबून, "मंग तुयी खोली?"

"नको मले खोली, दादा."

खोटं होतं ते, साफ खोटं. ती खोली तिला हवी होती. इतकं हवंसं तिला आयुष्यात दुसरं काही वाटलं नव्हतं.

चौकटीच्या मागं, गावाच्या बाजूला, हेमलता हद्दीच्या लाल झेंड्याची काठी रोवायला वाकली. काठी काही तिच्या हातून रोवली जाईना. तेव्हा भावानंच काठी घेतली, दगड उचलला, आणि ठोकली. मग पुढची. मग तिच्या पुढची. तो ठोकत गेला, ती नकाशावर टिंबं मांडत गेली. आणि टिंबांची रेघ झाली; चौकट तिच्या आत, पाण्याच्या बाजूला राहिली.

सांज उतरली. निळी, नीरव, निःश्वासासारखी मंद सांज. बदकांचे थवे पाण्यावर टेकले. हेमलतानं गिरमिट पुसलं, पिशवी खांद्याला लावली, भावाच्या पायांना हात लावला. माहेराहून निघणाऱ्या लेकीला, पुन्हा कधी येशील, असं विचारायचं असतं. टेकरामच्या ओठांवर ते आलं. ओठांवरच राहिलं. बहीण उभी राहिली, वाट पाहत राहिली. आणि भाऊ पाण्याकडं बघत राहिला, नुसता बघत राहिला.